काटकसर कोणाच्या वाट्याची?

काटकसर हा गृहस्थाश्रमाचा अलंकार आहे, ह्याविषयी आपल्याकडे सहसा दुमत आढळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, थेंबे थेंबे तळे साचे, ऋण काढून सण करू नये, असा उपदेश आपण बालपणी ऐकतो, आणि पुढे संसारात पडलो म्हणजे तोच उपदेश मुलाबाळांस करू लागतो. उधळ्या मनुष्याच्या निंदेत सारा गाव जसा एकमुखी असतो, तसाच तो काटकसरी गृहिणीच्या स्तुतीतही असतो. ज्या गुणास इतकी निर्विवाद मान्यता लाभते, त्याची उलटतपासणी घेण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आणि म्हणूनच त्या गुणाच्या आडोशाने पुष्कळदा असे व्यवहार सुखाने नांदतात, की जे उजेडात आले असता आपली आपल्यालाच लाज वाटावी. ती उलटतपासणी थोडीबहुत घ्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. ह्या महिन्यात घरखर्चातून हजार रुपये वाचले, असे आपण समाधानाने म्हणतो. पण ते हजार रुपये कोठून वाचले? रुपया काही आकाशातून पडत नाही. जो वाचला तो कोठे तरी खर्च व्हावयाचा होता आणि झाला नाही. त्या न झालेल्या खर्चामुळे कोणाचे काय उणे झाले, हे विचारल्यावाचून ती बचत भली की बुरी हे सांगता येणार नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे, की काटकसरीचे मोल किती वाचले ह्यावरून न ठरविता कोणाच्या वाट्यातून वाचले ह्यावरून ठरविले पाहिजे.

नीतिशास्त्रज्ञांनी ह्या विषयाचा विचार केलेला नाही असे नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या खंडात उधळेपणा आणि कृपणता ह्या दोन टोकांच्या मध्ये उदारतेची जागा दाखविली आहे. हा मध्यममार्गाचा सिद्धान्त सर्वांस ठाऊक असतो. परंतु त्याच विवेचनातील दुसरा एक भाग तितकासा लक्षात घेतला जात नाही. खरा उदार पुरुष योग्य माणसास, योग्य वेळी, योग्य तेवढे देतो, एवढेच सांगून ॲरिस्टॉटल थांबत नाही. जेथून घेऊ नये तेथून तो घेत नाही, हेही तो त्याचे लक्षण म्हणून सांगतो. म्हणजे द्रव्याविषयीच्या सद्गुणात देण्याइतकाच घेण्याचाही विचार आहे. आता काटकसर ही वरकरणी पाहता घेण्याची क्रिया नव्हे. ती केवळ न देण्याची क्रिया आहे. पण जे देणे लागत होते ते न दिले, तर ते घेतल्यासारखेच नव्हे काय? काटकसरीच्या पोटात लपलेली ही घेण्याची क्रिया ओळखणे, हाच ह्या प्रश्नाचा गाभा होय.

घरखर्चातून वाचणारा पैसा तीन वाटांनी येतो असे आम्हांस दिसते. पहिली वाट नासाडी थांबविण्याची, दुसरी आपल्या स्वतःच्या चैनीस किंवा सोयीस कात्री लावण्याची, आणि तिसरी दुसऱ्याच्या वाट्यास हात घालण्याची. वहीत ह्या तिन्ही बचती एकाच शिलकेत जाऊन बसतात, आणि तेथे त्यांचा रंग वेगळा ओळखू येत नाही. म्हणून त्या एकेक वेगळ्या करून पाहू.

नासाडी थांबविण्यात जी काटकसर आहे, ती सर्वांत निर्मळ. कारण तिच्यात कोणाचेच काही जात नाही. आपल्या जुन्या घरांतून ह्या काटकसरीची एक पूर्ण विद्याच नांदत असे आणि पुष्कळ घरांतून ती आजही नांदते. दुधावरची साय विरजावी, ती घुसळून लोणी काढावे, ताक कढीला घ्यावे, लोणी कढवून तूप करावे, आणि भांड्याच्या बुडाशी राहिलेली बेरीसुद्धा साखर घालून मुलांच्या हातावर ठेवावी. एका दुधापासून इतके सारे निघते, आणि शेवटी घासावयाच्या भांड्यावाचून काही उरत नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीस पडतो, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, जुनी लुगडी गोधडीच्या थरांत शिरून आणखी काही हिवाळे ऊब देतात. कडधान्य रात्री भिजत घातले म्हणजे ते लवकर शिजते. भांड्यावर झाकण ठेवले म्हणजे आच वाया जात नाही. सुमारे १९१० मध्ये बंगालच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक ह्यांनी एकावर एक डबे ठेवून थोड्याशा कोळशाच्या वाफेवर सारा स्वयंपाक शिजविणारा इकमिक कुकर काढला, तोही ह्याच विद्येचा एक धडा होता. आजच्या घरात तोच धडा दिव्याच्या रूपाने येतो. साठ वॅटचा जुना तारेचा दिवा काढून तितकाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याकाठी साडेसात युनिटांहून थोडी अधिक वीज वाचते. ह्यात घरातल्या कोणाच्याही डोळ्यांस कमी दिसत नाही.

ह्या काटकसरीचे मर्म व्यवस्थितपणात आहे. ग्रीक लेखक झेनोफन ह्याने प्रपंचव्यवस्थेवर लिहिलेल्या संवादात इस्कोमॅकस नावाचा गृहस्थ आपल्या तरुण पत्नीस घरातील प्रत्येक वस्तूस तिची ठरलेली जागा असावी हे तत्त्व मोठ्या आवडीने समजावून सांगतो. त्याचे म्हणणे आजही कोणत्याही स्वयंपाकघरात पटेल. जी वस्तू सापडत नाही ती आपण दुसऱ्यांदा विकत आणतो. जो डबा फळीच्या मागे दडतो त्यातील रव्यात अळ्या होतात. ह्या जातीच्या बचतीस कोणत्याही नीतिशास्त्राचा आक्षेप असू शकत नाही. तिची अडचण एवढीच, की ती कष्टाची आहे. ती करावयास वेळ लागतो, लक्ष लागते, आणि ते कोणी तरी द्यावे लागते. ते कोण देतो, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

दुसरी वाट आपल्या स्वतःच्या वाट्यास कात्री लावण्याची. हिचे उदाहरण पाहावयाचे तर महात्मा गांधींच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. १८८८ ते १८९१ ह्या काळात ते लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत असताना त्यांनी पै पैचा हिशेब ठेवला होता, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून सर्वश्रुत आहे. घरी भावाची ओढाताण होत असूनही आपण मागू तितके पैसे तो पाठवितो, ही जाणीव त्यांस बोचू लागली. तेव्हा त्यांनी दोन खोल्या सोडून एक खोली घेतली, गाडीभाडे वाचवून पायी चालण्याचा क्रम ठेवला, सकाळ-संध्याकाळ ओटच्या पिठाची लापशी आणि कोको घरीच शिजविला, आणि रोजचा खर्च सव्वा शिलिंगावर आणला. ह्या काटकसरीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही, की जे कमी झाले ते करणाऱ्याचेच कमी झाले. दुसरी ही, की जे वाचले ते दूरच्या भावाचे वाचले. अशी काटकसर आणि उदारता ह्यांत फारसे अंतर उरत नाही.

आता तिसऱ्या वाटेकडे वळू. हिच्यात पैसा वाचत नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि ज्याच्या हातातून जातो त्याच्या बाजूने कोणी बोलत नाही, म्हणून आपण तिला बचत म्हणतो. मंडईत जमिनीवर पाटी मांडून बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावयाची, कोथिंबिरीची काडी वर मागून घ्यावयाची, आणि तेथून निघून एखाद्या वातानुकूलित दुकानात छापील किमतीपुढे मान तुकवावयाची, हा देखावा कोणास अपरिचित आहे? दुकानदारापुढे आपली घासाघीस चालत नाही, म्हणून जिच्यापुढे चालते तिच्याकडून ती भरून काढली जाते. ही काटकसर काटकसरीच्या नियमाने चालत नाही, दुबळेपणाच्या शोधाने चालते.

घरकामाच्या बाईच्या पगाराचीही हीच कथा आहे. समजा, एक बाई चार घरी काम करते आणि प्रत्येक घरून तिला महिना दोन हजार रुपये मिळतात. ती तापाने चार दिवस निजून राहिली, आणि चारही घरांनी त्या दिवसांचे पैसे कापले. प्रत्येक घराचे सुमारे दोनशे सदुसष्ट रुपये वाचले. महिना ऐंशी हजारांची प्राप्ती असलेल्या कुटुंबास ही रक्कम जेमतेम शेकड्याचा एक तृतीयांश भाग होते. परंतु त्या बाईच्या आठ हजारांतून हजाराहून अधिक गेले, आणि तेही औषधाचा खर्च वाढला त्याच महिन्यात. हिशेबाच्या दृष्टीने चारही घरांनी काही चुकीचे केले नाही. काम झाले नाही, दाम दिले नाही. आणि तरीही आपली नोकरी जेथे असते तेथे आपण आजारपणाची भरपगारी रजा हक्काने मागतो, ती कामचुकारपणा म्हणून नव्हे, तर माणसाचे शरीर आहे म्हणून. मग जो न्याय आपल्या शरीरास लागू, तो तिच्या शरीरास का नसावा? पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी १९८० मध्ये जो उत्स्फूर्त संप केला, त्यात पगारवाढीबरोबरच हक्काच्या सुट्टीचीही मागणी होती. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. परंतु आपल्या ओट्याशी रोज उभी राहणारी बाई आजारी पडली असता तिचे पैसे कापावयाचे की नाहीत, ह्याचा निकाल बहुधा कोणत्याही मंडळापुढे जात नाही. तो आपल्याच घरात लागतो, आणि न्यायाधीश व प्रतिवादी दोघेही आपणच असतो.

येथवर घराबाहेरच्या माणसांचा विचार झाला. घरातल्या माणसांचा विचार ह्याहून अवघड आहे, कारण तेथे प्रेम आड येते.

काटकसर करणे हे आपल्या परंपरेने मुख्यत्वेकरून गृहिणीचे कर्तव्य ठरविले. वात्स्यायनाने कामसूत्रात पत्नीने वर्षाचे उत्पन्न मोजून त्या मानाने खर्चाची आखणी करावी असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात खर्चाच्या बाबतीत स्त्रीचा हात सैल नसावा अशी अपेक्षा आहे. ठीक आहे, परंतु त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्येच्या मिळकतीवर तिची मालकी मानलेली नाही. नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत खरे, पण ते सारे तिला कोणी तरी दिलेले धन आहे. तिने स्वतः पोटास चिमटा घेऊन घरखर्चातून राखलेल्या पैशास त्या यादीत जागा नाही. वाचविण्याचे कर्तव्य एकीकडे आणि वाचलेल्यावरचा हक्क दुसरीकडे, अशी ही वाटणी झाली.

ही केवळ आपल्याच देशाची गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. १९४३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एक खटला आला होता. पतीने घरखर्चास दिलेल्या रकमेतून पत्नीने सुमारे १०३ पौंड वाचवून सहकारी संस्थेत ठेवले होते. पुढे दोघे विभक्त झाली, आणि ते पैसे कोणाचे असा प्रश्न निघाला. न्यायालयाने ते पतीचे ठरविले. पैसे त्याने दिले होते, तेव्हा उरलेले त्याचेच, असा त्यातील न्याय. पत्नीने ज्या शहाणपणाने ते उरविले त्या शहाणपणास काही किंमत आहे, हे तेथील कायद्यास मान्य होण्यासाठी १९६४ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने अशा शिलकेत पतिपत्नींचा समान वाटा धरला.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने उघड झाला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा चलनातून रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा घरोघरी डाळीच्या आणि तांदळाच्या डब्यांतून, लुगड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्याच्या खणातून गृहिणींची वर्षानुवर्षांची शिल्लक बाहेर निघाली. पुष्कळ घरांतून त्यावर हास्यविनोद झाले. परंतु त्या डब्यांतून जे बाहेर आले ते हसण्यासारखे नव्हते. ज्या बाईने घरातल्या प्रत्येक पैशाचा हिशेब आयुष्यभर दिला, तिला स्वतःचे म्हणून चार पैसे राखावयाचे तर ते चोरीसारखे लपवून राखावे लागले. आणि नोटा बदलण्यासाठी त्या लपविण्याची कबुली तिला घरच्यांपुढे द्यावी लागली. त्या काळात गृहिणींनी बँकेत भरलेली अडीच लाखांपर्यंतची अशी शिल्लक अघोषित उत्पन्न समजू नये, असा निर्णय आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये दिला. सरकारी कचेरीने तिच्या काटकसरीची बूज राखली. घराने ती किती राखली, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढून चिठ्ठीने एकीस सहा हजार द्यावयाचे, ही जी भिशी गल्लोगल्ली चालते, तिच्या लोकप्रियतेचे एक कारण हेही असावे, की त्या पैशावर त्या एका दिवशी तरी तिच्याखेरीज कोणाचे नाव नसते.

पण पैशाहून खोल असा वाटा शरीराचा. घरात काटकसर करावयाची ठरली, की ती मुलांच्या दुधातून होत नाही, कर्त्या पुरुषाच्या जेवणातून होत नाही. ती शेवटी जेवणाऱ्या माणसाच्या पानातून होते. ‘मला काय, मी काहीही खाईन’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असे घर विरळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि ती सारी पानातली नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि एका छपराखाली, एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्यांत इतके अंतर पडते, तेव्हा शेवटच्या पानाची चौकशी केल्यावाचून राहवत नाही. जी बचत औषधाच्या रूपाने दहा वर्षांनी दुप्पट होऊन परत येते, तिला काटकसर म्हणणे हा हिशेबाचाही अपमान आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, की आईचा त्याग हा प्रेमाचा आहे. त्यास वाट्याच्या तराजूत घालणे हे रुक्षपणाचे लक्षण होय. ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर सावधपणे दिले पाहिजे. त्याग हा मनुष्याच्या श्रेष्ठ गुणांपैकी एक आहे. परंतु ज्यास ‘नाही’ म्हणता येते त्याचेच ‘होय’ हे त्याग ठरते. ज्या पानात वाढून घेण्याचा हक्क कोणी कधी मानलाच नाही, त्या पानातले उणेपण हे दान नव्हे. ती वहिवाट होय.

ह्या संबंधात गांधींच्याच चरित्रातील दुसरा प्रसंग आठवतो. १९०१ मध्ये नाताळहून स्वदेशी निघताना तेथील हिंदी लोकांनी त्यांस मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार होता. लोकसेवेचा मोबदला घेऊ नये म्हणून ह्या साऱ्या भेटींचा सार्वजनिक निधी करावा, असे गांधींनी ठरविले. मुलांची संमती सहज मिळाली, कस्तुरबांची मिळेना. हार मला मिळालेला आहे, आणि तुमच्या सेवेत माझेही रात्रंदिवस राबणे आहे, ती सेवा नव्हे काय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांची संमती आपण कशीबशी काढून घेतली, हे गांधींनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. तो निर्णय सार्वजनिक नीतीच्या दृष्टीने योग्यच होता, असे पुष्कळांस वाटेल, आणि आम्हांसही त्याची थोरवी अमान्य नाही. तरीही लंडनच्या खोलीतील लापशी आणि हा हार ह्यांत जो फरक आहे तो राहतोच. तेथे स्वतःचा वाटा सोडला होता. येथे दुसऱ्याचाही सोडविला.

ह्याच्या शेजारी तुकोबांविषयीची परंपरेने चालत आलेली कथा ठेवावी. वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडविण्याचे त्यांनी मनात आणले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा ह्याचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून त्याच्या हाती दिला, आणि मग आपल्या वाट्याची तेवढी खते पाण्यात सोडली. विरक्तीच्या त्या आवेगातही भावाचा वाटा मोजून बाजूस ठेवण्याचे भान सुटले नाही. त्या कथेत बुडविलेल्या कागदांचेच कौतुक बहुधा होते. न बुडविलेल्या कागदांचेही झाले पाहिजे.

आणखी एक आक्षेप अर्थशास्त्राच्या बाजूने येतो. एकाचा खर्च ती दुसऱ्याची प्राप्ती. सगळ्यांनीच हात आखडला तर सगळ्यांचीच प्राप्ती घटेल, हा विचार केन्स ह्याने १९३६ च्या आपल्या ग्रंथात प्रभावीपणे मांडला. मग नऊ वॅटचा दिवा लावणाऱ्यानेही कोणाच्या तरी वाट्यास हात घातलाच की! ह्यास उत्तर असे, की वाटा आणि अपेक्षा ह्यांत भेद आहे. मी वीज जाळावी अशी वीजकंपनीची अपेक्षा असेल. पण मी ती व्यर्थ जाळावी असा तिचा हक्क नाही. उलट, केलेल्या श्रमाचे रास्त दाम, शरीर टिकण्यापुरते अन्न, आणि दिलेला शब्द, ह्या तीन गोष्टी कोणाची अपेक्षा म्हणून नव्हेत तर देणे म्हणून आपल्यावर असतात. अपेक्षेस कात्री लावणे ही काटकसर; देण्यास कात्री लावणे ही बुडवणूक.

शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न उरतो तो अपुऱ्या प्राप्तीच्या घराचा. जेथे नासाडी करण्याइतके काही नसते आणि चैनीचे नाव नसते, तेथे काही तरी कमी करावयाचे म्हणजे कोणाचा तरी घास कमी करणे क्रमप्राप्त होते. अशा घरास उपदेश करण्याचा अधिकार पोट भरलेल्या लेखकास नाही. तरीही एवढे म्हणता येईल, की घास कोणाचा कमी व्हावा हे तेथेही ठरवावे लागते, आणि ते मुकाट्याने ठरले तर नेहमी एकाच माणसाचा होतो. चौघांनी बसून बोलून ठरविले, तर तो फिरता राहण्याची शक्यता असते. कोणी विडी सोडील, कोणी बाहेरचा चहा सोडील, कोणी नव्या पायताणासाठी आणखी दोन महिने थांबेल. दारिद्र्य ह्याने हटत नाही. पण त्याचा भार एकाच खांद्यावर राहत नाही.

आणि जेथे प्राप्ती बरी आहे, तेथे तर हा नियम पाळण्यास काहीच अडचण नसावी. काटकसरीचा आरंभ नासाडीपासून करावा; ती संपली म्हणजे ज्याच्या हातात थैली आहे त्याने प्रथम आपल्या वाट्याकडे पाहावे; आणि दुसऱ्याच्या वाट्याकडे हात वळला, की त्यास विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. पुष्कळ घरांतून खर्चाची वही असते. तिच्यात जमेचा रकाना असतो, खर्चाचा असतो, आणि महिनाअखेर खाली शिल्लक मांडलेली असते. त्या शिलकेपुढे आणखी एक लहानसा रकाना आखावा, आणि ही शिल्लक कोणाच्या वाट्यातून आली ते त्यात एका शब्दाने लिहावे. ‘दिवा’ असे लिहावे लागले तर आनंद आहे. ‘माझा चहा’ असे लिहावे लागले तर त्याहून आनंद आहे. आणि त्या जागी एखाद्या माणसाचे नाव लिहावे लागले, तर ती रक्कम शिलकेतून काढून देण्याच्या बाजूस मांडावी, आणि पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेस ती ज्याची त्यास पोचती करावी.